उसाचे खोड : गाठ, कांडी आणि डोळा



काट्यावर वजन होते ते उसाच्या खोडाचे. वाढे आणि पाचट मागेच राहते. पाटस परिसरात ऊस कोणाला नवा नाही, पण हे खोड बनले आहे कसे, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

खोड म्हणजे एकाआड एक गाठी आणि कांड्या. गाठीवर पान गळाल्याचा वण दिसतो. त्याच्या वर बारीक ठिपक्यांचा पट्टा असतो. हे ठिपके म्हणजे मुळांचे अंकुर. टिपरी जमिनीत गेली की पहिली मुळे यांतूनच फुटतात. पट्ट्याच्या वर वाढीचे अरुंद कडे असते. लोळलेला ऊस शेंड्याकडून पुन्हा उभा राहतो, तो या कड्यामुळे. गाठीवरच डोळा असतो. डोळे आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंस येतात. म्हणून दोन डोळ्यांची टिपरी लावताना डोळे बाजूंना ठेवावेत, नाहीतर एक डोळा खाली दबतो.

आता कांडी आडवी कापून पाहा. बाहेर कठीण साल, आत मऊ गर आणि गरात विखुरलेल्या धाग्यासारख्या शिरा. या शिरा मुळांचे पाणी वर नेतात आणि पानांत तयार झालेली साखर खाली आणतात. ती साखर गरात साठते.

आंब्या-बाभळीचे खोड वर्षानुवर्षे जाड होते, उसाचे तसे नाही. कांडी एकदा पुरी वाढली की मग ती लांबतही नाही, जाडही होत नाही. उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन लांबले की त्या दिवसांतल्या कांड्या आखूड राहतात. पुढे पाऊस कितीही पडो, त्या आखूडच! आपल्या उसावर आखूड कांड्या कुठे आहेत ते पाहा. पाणी केव्हा चुकले ते ऊसच सांगेल.

कांड्या बुडाकडून शेंड्याकडे पिकतात. तेव्हा तोड जमिनीलगतच करून घ्यावी. उंच बुडखा ठेवला तर सर्वांत गोड कांडी शेतात राहते, आणि वरच्या डोळ्यांतून फुटलेला खोडवाही कमजोर निघतो.

बेण्याला मात्र ९ ते ११ महिन्यांचा, निरोगी, फुगीर डोळ्यांचा ऊस निवडावा. जुन्या उसाच्या बुडाकडचे डोळे कठीण झालेले असतात व उशिरा फुटतात. गाळपाला पिकलेले खोड आणि लागणीला कोवळे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.