भटक्या पिल्लाला आधी धीर, मग पाणी



पेसाख संपून ऊन तापू लागले की लोद, रामले, अश्दोद, दिमोना, कुठेही इमारतीच्या जिन्याखाली मांजरीची पिल्ले दिसू लागतात. नातवंडे हट्ट धरतात, "आजी, ठेवू या ना!" आणि आपण लगेच वाटीभर दूध आणतो. पिल्लाच्या जिवावर बेतते ते इथेच. मुलांनो, तुम्हीही हे वाचा, कारण पिल्लू आधी तुम्हालाच दिसते.

दिसल्याबरोबर उचलू नका. आई खाणे शोधायला गेलेली असते. काही तास लांबून पाहा. पिल्लू स्वच्छ, गुबगुबीत आणि शांत झोपलेले असेल तर आई येते-जाते आहे असे समजा. ते सारखे ओरडत असेल किंवा मलूल पडले असेल तरच जाड टॉवेलात धरून आणा, आणि हे काम मोठ्यांनीच करावे. चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजशी खेळ नको.

गायीचे दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही. जुलाब होतात आणि अंगातले उरलेसुरले पाणी जाते. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लासाठी वेगळी दूधपावडर मिळते. अंग गार असेल तर आधी टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्या, मगच पाजा. पाजताना ते पालथेच असावे. आपल्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुफ्फुसात जाते. घशात पाणी ओतूही नये, तेही याच कारणाने.

मोठे पिल्लू भ्यालेले असते, आणि भ्यालेले पिल्लू माणसासमोर पाणी पीत नाही. त्याला एका लहान खोलीत लपायला खोका द्या. पाण्याची वाटी उथळ आणि जड घ्या, खाण्यापासून व वाळूच्या टोपलीपासून लांब ठेवा. तरी प्यायले नाही तर युक्ती सांगते: डब्यातले ओले खाणे द्या. त्यात शंभरात पंचाहत्तर ते ऐंशी भाग पाणीच असते, कोरड्या दाण्यात जेमतेम दहा. वर चमचाभर कोमट पाणी कालवा. खाता खाता पाणी पोटात जाते.

वॉर्डात जुलाबाच्या मुलाची कातडी आम्ही चिमटीत धरून पाहत असू. इवल्या पिल्लात ती खूण फसवते, म्हणून हिरड्या पाहा. ओलसर, गुलाबी असल्या तर ठीक. चिकट किंवा पांढुरक्या झाल्या, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर वाट पाहू नका. जनावरांचे डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात.

माणसाळायला वेळ लागतो. दोन ते सात आठवड्यांचे पिल्लू लवकर रुळते, मोठ्याला महिनेही लागतात. मुलांनो, पकडायला धावू नका, डोळे रोखून पाहू नका. जमिनीवर बसून मराठीचा धडा हळू आवाजात वाचा. तुमचेही वाचन होईल आणि त्याला आवाजाची सवय लागेल.

जनावराला घातल्याशिवाय आपण घास घेऊ नये, असे तलमूदमध्ये सांगितले आहे. घरात घेतलेले पिल्लू आता आपलेच. तेव्हा हामसीनच्या दिवसांत आपल्या जेवणाआधी त्याच्या वाटीत ताजे पाणी आहे ना, एवढे जरूर पाहा.