आकाशदीपाची दोरी आणि विजेची तार

कार्तिक महिना लागला की काशीच्या गंगातीरावर उंच बांबूंच्या शेंड्यांना लहान लहान करंड्या झुलू लागतात. संध्याकाळ झाली म्हणजे दोरी सैल सोडून करंडी खाली घ्यावयाची, तिच्यात पेटती पणती ठेवावयाची आणि दोरी ओढून ती पुन्हा वर चढवावयाची, असा क्रम पौर्णिमेपर्यंत रोज चालतो. यालाच तेथे आकाशदीप म्हणतात. देवांना आणि दिवंगत आप्तांना वाट दिसावी, ही त्यामागची श्रद्धा. आपल्या दारावरचा दिवाळीतला आकाशकंदील याच कुळातला होय.

आज त्याच तीरावर आणि आपल्याही गावोगावी पणतीच्या जोडीला विजेच्या माळा आल्या आहेत. त्यांनी शोभा वाढविली, घरातील वृद्धांचे आणि गृहिणींचे श्रमही वाचविले. परंतु पणतीबरोबर वागण्याच्या ज्या सवयी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाडीमांसी खिळल्या आहेत, तशा विजेबरोबर वागण्याच्या सवयी अद्याप आपल्या अंगवळणी पडलेल्या नाहीत. ज्योतीला हात लावू नये, हे दोन वर्षांच्या मुलालाही कळते. ओल्या पायरीवर पडलेल्या तारेला हात लावू नये, हे मात्र पुष्कळदा मोठ्यांनाही सांगावे लागते. सणाच्या दिवशी एखाद्या घरावर दुःखाचा प्रसंग ओढवू नये, एवढ्यासाठी या विषयाचा थोडा विचार करावयाचा आहे.

काशीतील मराठी वस्तीचा दीपोत्सव

उदाहरणादाखल दुर्गाघाटच घेऊ. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी ज्या ब्रह्मचारिणी देवीच्या दर्शनाला काशीकरांची रीघ लागते, तिचे मंदिर याच घाटावर आहे. दक्षिणेला पंचगंगाघाट आणि उत्तरेला ब्रह्माघाट यांच्यामध्ये वसलेला हा भाग पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती म्हणून ओळखला जातो. नाना फडणविसांच्या नावाचा वाडा याच परिसरात आहे. थोडे वर गेले की नागपूरकर भोसल्यांचा भोसलेघाट आणि शिंद्यांचा शिंदेघाट लागतो. पंचगंगाघाटावर दगडी दीपस्तंभ उभा आहे. त्याला तेथे ‘हजारा’ म्हणतात आणि त्याचा संबंध अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडला जातो. जेजुरीच्या दीपमाळा पाहिलेल्या वाचकाला तो परका वाटणार नाही.

येथील मराठी घरांत एक गंमत पाहावयास मिळते. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे काशीचा कार्तिक आपल्या कार्तिकाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि दिवाळीची अमावास्या त्याच्या मध्यावर येते. कार्तिकी पौर्णिमा मात्र दोघांची एकच. त्या रात्री काशीत देवदिवाळी साजरी होते. या उत्सवाला आजचे भव्य रूप १९८०च्या दशकापासून येत गेले. आता त्या रात्री घाटाच्या पायऱ्यापायऱ्यांवर लाखो पणत्या तेवतात आणि काठच्या इमारतींवर विजेची रोषणाई होते.

गल्लीच्या अंगाला येथील घरे एकमेकांना चिकटलेली, गल्ल्या दोन माणसांनी जेमतेम शेजारून चालाव्या इतक्या अरुंद. पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या बुडतात आणि पाणी ओसरल्यावर दगडांवर गाळ व ओल राहते. उत्सवाच्या तोंडावर पायऱ्या धुऊन काढतात, म्हणजे पुन्हा पाणी. त्या पाण्याशेजारून दिव्यांची तार न्यावयाची असते. वीज आणि पाणी यांची गाठ पडू नये म्हणून जे जे करावे लागते, ते सारे अशा जागी विशेष काळजीने करावे लागते. कोकणातल्या ओल्या अंगणात, मुंबईच्या चाळीच्या सज्ज्यात किंवा नागपूरच्या गच्चीवर नियम हेच आहेत.

तेलाचे माप आणि घड्याळाचा खटका

पणतीत तेल घालताना आपण नकळत तिची वेळही ठरवून देतो. तेल सरले की ज्योत शांत होते. कोणी उठून ती मालवावी लागत नाही. विजेच्या दिव्याला असे माप नाही. बटण दाबणारा हात झोपी गेला तरी दिवा उजाडेपर्यंत जळत राहतो, तार तापत राहते आणि मीटर फिरत राहते. ही उणीव टायमर भरून काढतो.

बाजारात टायमर मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. पहिल्यात एक गोल तबकडी असते आणि तिच्या कडेला ९६ लहान खुंट्या असतात. एकेक खुंटी पंधरा मिनिटांची, म्हणजे ९६ खुंट्यांत दिवसाचे २४ तास पुरे होतात. जेवढा वेळ दिवे हवेत तेवढ्या खुंट्या दाबून ठेवावयाच्या. हा टायमर स्वस्त व समजण्यास सोपा असतो, परंतु त्याची तबकडी विजेवरच फिरते. दोन तास वीज गेली की ती दोन तास मागे पडते, आणि दहाला मालवणारे दिवे बारापर्यंत जळत राहतात. म्हणून वीज येऊन गेल्यावर तबकडी घड्याळाशी जुळवून घ्यावी. दुसऱ्या प्रकारच्या, अंक दाखविणाऱ्या टायमरमध्ये छोटी बॅटरी असते. तिच्यामुळे वीज गेली तरी त्याची वेळ चुकत नाही.

दिवे लागण्याची वेळ ठरविताना आपल्या गावचा सूर्यास्त पाहावा. नोव्हेंबरच्या प्रारंभी वाराणसीत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, तर मुंबईत सहा वाजून गेलेले असतात. तेव्हा काशीच्या नातलगाने सांगितलेली वेळ पुण्याच्या घरी जशीच्या तशी लावण्यात अर्थ नाही.

यात बचत किती, याचा हिशेब प्रत्येक गृहिणीला करता येईल. आकाशकंदिलात ६० वॅटचा जुना बल्ब लावला आणि तो संध्याकाळी सहा ते सकाळी सहा असा महिनाभर जळला, तर २१.६ युनिट वीज खर्च होते. त्याच जागी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि टायमरने तो सहा ते दहा एवढाच वेळ ठेवला, तर महिन्याला १.०८ युनिट लागते. म्हणजे वीस दिव्यांची वीज एका दिव्यात जात होती, असे म्हणता येईल.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. टायमरने दिवे मालवले म्हणजे तार निर्धोक झाली, असे समजू नये. टायमर बहुधा दोनपैकी एकच तार तोडतो. प्लग उलटा बसला असेल तर दिवे बंद असूनही माळेत वीज असू शकते. शिवाय ठरल्या वेळी तो आपणहून दिवे पुन्हा लावतो. माळेला हात लावण्यापूर्वी प्लग काढून ठेवावा, हाच एक भरवशाचा नियम. घरगुती टायमर पावसात ठेवण्यासाठी केलेला नसतो. तो घराच्या आतच असावा.

तारेचा भार

बाहेरच्या दिव्यांसाठी घरातून एक्स्टेन्शन बोर्डाची तार न्यावी लागते. बैलगाडीत किती पोती भरावयाची हे जसे बैल पाहून ठरवितात, तसेच बोर्डावर किती दिवे लावावयाचे हे तार पाहून ठरवावे. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची असते. साध्या, लहान प्लगची क्षमता ६ अँपिअर. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट, एवढाच भार त्यावर घालता येतो. त्याची तार तांब्याची आणि निदान ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची हवी. १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तार लागते.

एलईडीच्या दहा माळा प्रत्येकी १० वॅटच्या धरल्या तरी १०० वॅटच होतात, म्हणजे अर्धा अँपिअरही नाही. दिव्यांनी तार क्वचितच तापते. त्याच बोर्डावर ५०० वॅटचे दोन झोतदिवे लावले आणि पाहुण्यांसाठी १,५०० वॅटची चहाची किटली जोडली, म्हणजे बेरीज २,६०० वॅटवर जाते. मग तारेचे आवरण मऊ पडते, प्लग काळवंडतो आणि आगीला निमित्त मिळते. म्हणून दिव्यांच्या बोर्डावर दिवेच असावेत.

याखेरीज चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुंडाळी केलेली तार पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळीत उष्णता कोंडून राहते. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी साखळी करू नये. हवी तेवढी लांब एकच तार घ्यावी. प्लग नसलेल्या तारेची उघडी टोके भोकांत खुपसून ती आगकाडीने घट्ट करण्याची वाईट खोड अनेक घरांत आढळते, ती आजच सोडावी. आणि तार सतरंजीखालून, दाराच्या फटीतून किंवा खिळ्यावर आवळून नेऊ नये. आवरण कुठे चिरडले हे डोळ्यांना दिसत नाही.

जुन्या प्रकारच्या माळांविषयी एक गैरसमज आहे. बारीक बल्ब पाहून लोकांना वाटते, यात वीज थोडी, हात लावला तर काय होईल? या माळेत पुष्कळ बल्ब एकापुढे एक जोडलेले असतात व प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा दाब येतो. पण एक बल्ब काढला की त्याच्या मोकळ्या खाचेत सगळा २३० व्होल्टचा दाब उभा राहतो. बिघडलेला बल्ब चालू माळेत बदलणे म्हणून फार धोक्याचे.

पाणी, लोखंड आणि माणूस

कोरड्या अंगाने आणि कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसातून विजेला वाट काढणे कठीण जाते. अंग ओले, पाय अनवाणी आणि खाली ओला दगड असला की तीच वाट सुलभ होते. हजारांश अँपिअरला मिलिअँपिअर म्हणतात. एक मिलिअँपिअर प्रवाह हाताला मुंग्यांसारखा जाणवतो. दहाच्या पुढे स्नायू आखडून धरलेली तार सोडवत नाही. आणि तीसच्या पुढचा प्रवाह थोडा वेळ टिकला तर हृदयाची गती बिघडू शकते. घरातला फ्यूज किंवा एमसीबी सहा अँपिअरचा असेल, तर तो याच्या दोनशेपट प्रवाहालाही निमूटपणे जाऊ देतो. त्याचे काम तारेचे रक्षण करणे. माणसाचे रक्षण त्याच्याकडून होत नाही.

त्यासाठी आरसीसीबी नावाचे निराळे उपकरण असते. घरातून गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज भलत्याच वाटेने जात आहे असे ओळखून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. बाहेरच्या दिव्यांची जोडणी अशा उपकरणातूनच घ्यावी. त्यावर तपासणीचे बटण असते. ते सणापूर्वी दाबून पाहावे. अर्थिंग शाबूत आहे की नाही, हेही जाणत्या तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. लवचीक तारेतील हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची तार अर्थिंगची असते. ती कापून दोन तारांवर काम भागवू नये.

बाहेर लावावयाच्या माळेवर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक छापलेले असतात. पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवितो. ४४ म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपासून, ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याच्या धारेपासूनही संरक्षण. ज्या माळेवर असा अंक नाही, ती घरातच लावावी. जोड जमिनीपासून उंच असावेत. लोखंडी कठडा, पत्रा किंवा कपड्यांची तार यांवर माळ गुंडाळू नये.

येथे आकाशदीपाची रीत आपल्याला उपयोगी पडेल. तेथे माणूस बांबूवर चढत नाही. दिवाच दोरीने हाताशी येतो. आपला कंदीलही कप्पी आणि सुती दोरीवर टांगला, तर बल्ब बदलण्यासाठी स्टुलावर स्टूल रचावे लागणार नाही. भार दोरीवर असावा, विजेची तार सैल असावी.

गल्लीचा उत्सव, गल्लीची जबाबदारी

जुन्या काशीच्या गल्ल्यांत डोक्यावर तारांची जाळी असे. २०१५ साली केंद्र सरकारची एकात्मिक वीजविकास योजना वाराणसीतच सुरू झाली व त्यानंतर पुष्कळ गल्ल्यांतील तारा जमिनीखाली गेल्या. सरकारने एवढे केले तरी खांबावर आकडा टाकून मंडपाला वीज घेणारा हात थांबला नाही, तर धोका तसाच राहतो. सार्वजनिक रोषणाईसाठी वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी रीतसर मिळते, आणि ती परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेता येते.

कोणाला धक्का बसलाच, तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. मग १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे. घरातील प्रत्येक थोर माणसाला व शाळकरी मुलाला मुख्य बटण कुठे आहे हे ठाऊक असावे.

वसुबारसेला चढविलेला कंदील आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत उतरतो. त्याबरोबर माळा आणि तारही उतरवावी. वर्षभर उन्हात लोंबकळणाऱ्या तारेचे आवरण तडकते, उंदीर ती कुरतडतात, आणि पुढल्या सणाला तीच पुन्हा जोडली जाते. उतरविलेली तार फडक्याने पुसावी, बोटांनी चाचपून पाहावी, चिरलेली आढळली तर टाकून द्यावी, आणि धड असेल ती सैल वेटोळे करून कोरड्या डब्यात ठेवावी. अर्ध्या तासाचे हे काम मुलांना सोबत घेऊन केले, तर पुढल्या वर्षी तेच आपणहून तार तपासतील.