कोपऱ्यातली चाल आणि अख्खा पट

काही वर्षांपूर्वी एका डावात मी पुस्तकाबाहेरची एकही चाल खेळलो नाही आणि तरीही सपशेल हरलो. तो डाव होता ‘गो’ या खेळाचा. त्या हरण्यातून मी जे शिकलो, तेच आज सांगणार आहे.

आधी खेळाची थोडी ओळख. गो मूळचा चीनचा, अडीच हजार वर्षांहून जुना. जपानात तो राजाश्रयाने वाढला. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेषा असतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात अशा 361 बिंदूंवर काळे आणि पांढरे खडे आळीपाळीने ठेवायचे. बुद्धिबळातल्या मोहऱ्यासारखा खडा सरकत नाही. एकदा ठेवला की ठेवला. चारी बाजूंनी कोंडला गेला तरच तो उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली, तो जिंकला.

खेळाची सुरुवात बहुधा कोपऱ्यापासून होते. त्यामागे साधा हिशेब आहे. शेताला कुंपण घालताना दोन बाजूंना आयती भिंत मिळाली, तर उरलेल्या दोनच बाजू बांधाव्या लागतात. कोपऱ्यात तसेच होते. कडेला तीन बाजू बांधाव्या लागतात, मध्यात चारही. म्हणून आधी कोपरे, मग कडा, मग मध्य, असा क्रम रूढ झाला.

कोपऱ्यांत शेकडो वर्षे झटापटी झाल्या. त्यांतून दोघांनाही सारखाच वाटा मिळेल अशा चालींच्या मालिका तयार झाल्या. त्यांना जपानीत ‘जोसेकी’ म्हणतात, म्हणजे ‘ठरलेले खडे’. नवशिक्याला ही मोठी सोय वाटते. मीही एक जाडजूड पुस्तक मिळवले आणि पाढे पाठ करावेत तशा जोसेकी पाठ केल्या. गोच्या खेळाडूंत एक जुनी म्हण आहे, की जोसेकी शिकलात तर तुमचा खेळ दोन खड्यांनी कच्चा होतो. मला ती थट्टा वाटत असे.

आता तो डाव. मला खेळ शिकवणारे गृहस्थ समोर बसले होते. माझे खडे काळे होते. उजव्या वरच्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून चौथ्या रेषेवर, माझा खडा होता. या बिंदूला ‘तारा’ म्हणतात. त्यांनी थेट त्याच्या पोटात, तिसऱ्या रेषेवर, पांढरा खडा ठेवला. अशा वेळी काळ्याला एकच निर्णय घ्यायचा असतो : अडवायचे कोणत्या बाजूने? वरच्या कडेकडून की उजव्या कडेकडून? पांढऱ्याला कोपऱ्यातली थोडी पण पक्की जागा मिळते आणि काळ्याला बाहेरच्या बाजूला भिंत मिळते. पुस्तकातल्या आकृतीत वरून अडवले होते. मीही वरून अडवले आणि पुढच्या चाली बिनचूक खेळलो.

डाव संपल्यावर त्यांनी बोट ठेवून विचारले, “ही चाल इथे का खेळलात?”

“पुस्तकात आहे म्हणून.”

“पुस्तकात हा डावा कोपरा होता का?”

मी पटाकडे नीट पाहिले. डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा भक्कम तळ होता. माझी सुंदर भिंत त्या तळाकडे तोंड करून उभी होती आणि तिच्यापुढे वेढायला जागाच नव्हती. उलट खाली उजव्या कडेला माझेच खडे होते आणि मोकळी जागाही होती. तिथला रस्ता मी पांढऱ्याला आपण होऊन उघडून दिला होता. उजव्या बाजूने अडवले असते, तर तीच भिंत माझ्या खड्यांना मिळाली असती.

जोसेकी समतोल असते, ती फक्त त्या कोपऱ्यापुरती. उरलेल्या पटावर काय आहे, हे तिला ठाऊक नसते. ते खेळणाऱ्याने पाहायचे असते. म्हणून निवडताना दोन प्रश्न विचारावेत. मला मिळणाऱ्या भिंतीपुढे मोकळी जागा आहे का? आणि ही मालिका संपल्यावर पुढची चाल कोणाची असेल? कधीकधी कोपऱ्यात थोडे कमी घ्यावे आणि दुसरीकडची मोठी जागा आधी गाठावी, हेच फायद्याचे ठरते.

शिवाय ‘ठरलेले’ हेही कायमचे ठरलेले नसते. चीनमध्ये जन्मून जपानात गेलेला तरुण गो सेइगेन 1933 मध्ये होनिनबो शुसाई या ज्येष्ठ खेळाडूसमोर बसला. पहिले तीन खडे त्याने एका कोपऱ्यात तिसऱ्या रेषांच्या छेदावर, दुसऱ्यात ताऱ्यावर आणि पटाच्या ऐन मध्यावर ठेवले. यातली पहिली जागा तर होनिनबो घराण्यात वर्ज्य मानली जाई. डाव तो दोन गुणांनी हरला. पण त्याने आणि त्याचा मित्र कितानी मिनोरू याने सुरुवातीच्या खेळाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

तसाच धक्का आपल्या काळात संगणकाने दिला. 2016 मध्ये सोल येथे ‘अल्फागो’ या संगणक-प्रणालीने ली सेडोलला 4-1 असे हरवले. 2017 मध्ये तिचे स्वतःशीच खेळलेले 50 डाव प्रसिद्ध झाले. पट जवळजवळ रिकामा असताना ताऱ्याच्या पोटात शिरू नये, बाहेरची भिंत काळ्याला फार बळ देते, असे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. संगणक मात्र खुशाल शिरत होता. फक्त जुन्या मालिकेतल्या काही चाली तो खेळतच नव्हता. त्यामुळे काळ्याच्या भिंतीत कच्चे दुवे राहत आणि पांढरा दुसरीकडे खेळायला मोकळा होई. आज व्यावसायिक खेळाडूही सर्रास तसे खेळतात.

आता नवी मुले संगणकाच्या चाली पाठ करतात. मला त्यांच्यात तेव्हाचा मी दिसतो. संगणक कोणतीही चाल सुचवतो, तेव्हा त्याने अख्खा पट जमेस धरलेला असतो. आपण त्यातला कोपरा तेवढा कापून घेतला, तर चाल हाती येते पण तिचे कारण निसटते. जोसेकी जरूर शिकाव्यात, पण प्रत्येक चालीला ‘इथे का?’ असे विचारत शिकाव्यात. त्या गृहस्थांनी मला दिलेले सगळे शिक्षण त्या दोन शब्दांत होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)