चाळीस वर्षांत एक इंच

शेव्हरोलेच्या १९५७ च्या बेल एअरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ११५ इंच आहे. त्याच कंपनीच्या १९९६ च्या इम्पाला एसएसमध्ये ते ११५.९ इंच. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली, पण फरक इंचभराचाही नाही.

खाली वाकून पाहिलं तर साम्य आणखी वाढतं. दोन्ही गाड्यांना वेगळी पोलादी चासी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी. पुढे व्ही-८ इंजिन, मधून लांब प्रोपेलर शाफ्ट, मागे डिफरन्शिअल आणि अखंड अ‍ॅक्सल. अँबेसेडरच्या मागच्या सीटवर मधोमध बसलेल्याच्या पायांत येणारा उंचवटा ज्यांना आठवतो, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो, आणि जोर मागच्याच चाकांना मिळत असल्याने पकड चांगली बसते. पुढच्या चाकांकडे फक्त वळायचं काम उरतं.

इंजिनांचं गोत्रही एकच. एड कोल यांच्या हाताखाली घडलेलं छोट्या बांध्याचं व्ही-८ १९५५ मध्ये आलं. १९५७ मध्ये ते ४.६ लिटरचं झालं, आणि इम्पालात त्याचाच वंशज ५.७ लिटरचा. इथे मात्र आकडे फसवतात. फ्युएल इंजेक्शनवाल्या १९५७ च्या इंजिनाची कमाल ताकद २८३ अश्वशक्ती सांगितली जाई, इम्पालाची २६०. म्हणून जुनी गाडी जास्त दमदार ठरत नाही. तेव्हा इंजिन गाडीबाहेर, पंखा-सायलेन्सरचा भार न लावता मोजत. १९७२ च्या सुमारास ते सगळं जोडून मोजायची पद्धत रूढ झाली.

माझ्या मते खरा फरक गाडी थांबवताना कळतो. बेल एअरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाटाच्या उतारावर ते सारखे दाबले की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागतं. ब्रेक ऑइलचा मार्गही एकच, त्यामुळे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. स्टीअरिंगचा दांडा ताठ, थेट चालकाच्या छातीवर रोखलेला. धडकेत आत दुमडणारा दांडा जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६७ च्या मॉडेलपासून आला. इम्पालाला चारही चाकांना डिस्क ब्रेक, शिवाय एबीएस आणि दोन एअरबॅग. पावसाळी रात्री घरच्यांना घेऊन निघायचं असेल, तर मी इम्पालाचीच किल्ली उचलेन.

तरीही बेल एअरजवळ पाय रेंगाळतात. पेट्रोल भरायचं झाकण बाहेरून दिसतच नाही. मागच्या डाव्या शेपटीसारख्या पंखाच्या टोकाची क्रोमची पट्टी बाजूला वळवली की आत ते सापडतं. साध्या टाकीच्या तोंडासाठी कुणीतरी एवढा जीव लावला होता.

इम्पाला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात बनत असे. १९९६ च्या डिसेंबरात ती बंद झाली. वेगळी चासी, पुढे व्ही-८ आणि मागच्या चाकांना जोर ही मांडणी त्याच कारखान्यात पुढे टाहोसारख्या उंच एसयूव्हींच्या पोटात गेली.