विश्लेषण : वाळवंटात पदक, हिमालयात बर्फाची प्रतीक्षा… महिला आइस हॉकीतील ‘खालच्या पायरी’वरची स्पर्धा भारतासाठी महत्त्वाची का?

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन या वाळवंटी शहरात ३१ मे ते ६ जून २०२५ या काळात झालेल्या आशिया चषक महिला आइस हॉकी स्पर्धेत भारताने कांस्यपदक पटकावले. जागतिक क्रमवारीत वरच्या असलेल्या देशांचा या स्पर्धेत सहभाग नव्हता. तरीही हे पदक भारतीय महिला आइस हॉकीसाठी मैलाचा दगड का ठरते, अशा खालच्या स्तरावरील स्पर्धा कशासाठी असतात आणि पुढची पायरी चढण्यात अडचण कुठे आहे, याचा आढावा.

महिला आइस हॉकीची जागतिक उतरंड कशी आहे?

आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ (आयआयएचएफ) जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगवेगळ्या गटांत घेतो. महिलांच्या सर्वोच्च गटात दहा संघ असतात. त्याखाली पहिला, दुसरा आणि तिसरा असे विभाग असून त्यांचेही ‘अ’ आणि ‘ब’ असे गट पडतात. गटातील विजेता संघ वर चढतो, तळाचा संघ खाली घसरतो. महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये कॅनडातील ओटावा येथे झाली. तेव्हापासून जगज्जेतेपद कॅनडा आणि अमेरिका या दोनच देशांकडे राहिले आहे. ऑलिम्पिकमध्ये महिला आइस हॉकीचा समावेश १९९८ च्या नागानो स्पर्धेपासून झाला.

मग आशिया चषक या उतरंडीत कुठे बसतो?

जागतिक अजिंक्यपदाच्या शिडीवर अद्याप पाय न ठेवलेल्या किंवा नुकताच ठेवू पाहणाऱ्या आशियाई देशांना नियमित आंतरराष्ट्रीय सामने मिळावेत, हा अशा प्रादेशिक स्पर्धांचा हेतू. पूर्वी हीच गरज ‘चॅलेंज कप ऑफ एशिया’ ही स्पर्धा भागवत असे. जपान आणि चीन हे आशियातील बलाढ्य संघ २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये खेळले. अल ऐनमध्ये मात्र भारतासमोर यजमान अमिरातीसह इराण, फिलिपिन्स, मलेशिया, किर्गिझस्तान असे प्रतिस्पर्धी होते. यातील अनेक देशांत हा खेळ अजून बाल्यावस्थेत आहे. त्यामुळे येथील गुणतक्त्यावरून आपण जगात कुठे आहोत हे समजत नाही. आपल्यासारख्याच नवख्या संघांच्या तुलनेत किती पुढे सरकलो, हे मात्र नेमके कळते.

भारतीय संघाचा प्रवास कसा झाला?

भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो २०१६ मध्ये, तैवानमधील तैपेई येथे. तेथे एकही विजय मिळाला नाही. स्पर्धेच्या खर्चासाठी लोकवर्गणीचा आधार घ्यावा लागला होता. पुढच्याच वर्षी, मार्च २०१७ मध्ये, बँकॉक येथे भारताने फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय नोंदवला. त्याच स्पर्धेत मलेशियाचाही पराभव केला. चार ऑलिम्पिक सुवर्णपदके नावावर असलेली कॅनडाची दिग्गज खेळाडू हेली विकनहायझर २०१८ च्या सुरुवातीला लेहमध्ये येऊन या मुलींसोबत खेळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या निमंत्रणावरून भारतीय संघ कॅनडातील कॅलगरी येथे गेला. पहिल्या स्पर्धेनंतर नऊ वर्षांनी, त्सेवांग चुस्कित हिच्या नेतृत्वाखाली संघ आशिया चषकाच्या पदकमंचावर पोहोचला.

हा खेळ लडाखमध्ये रुजला कसा?

लडाखमध्ये आइस हॉकी पोहोचली ती लष्करामुळे. गोठलेल्या तळ्यांवर जवान खेळत, त्यांचे पाहून स्थानिक तरुण खेळू लागले. सुरुवातीच्या काळात लष्करी बुटांच्या तळाला लोखंडी पाती जोडून स्केट तयार केले जात. मुलींना मात्र या तळ्यांवर जागा मिळवायला वेळ लागला. लेहजवळच्या ‘सेकमोल’ या शिक्षणसंस्थेच्या आवारात मुलींनी स्केटिंगचे धडे गिरवले आणि त्यातूनच पुढे संघ उभा राहिला. आजही राष्ट्रीय संघातील बहुतांश मुली लडाखच्या आहेत. त्यांना आता हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पितीच्या मुलींची साथ मिळू लागली आहे.

नैसर्गिक बर्फावरचा सराव अपुरा का पडतो?

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे तळी खेळण्याजोगी गोठतात ती साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या काळात. म्हणजे हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. थंडी लांबली किंवा लवकर सरली, तर तेवढेही दिवस मिळत नाहीत. बर्फ सपाट राहावा म्हणून रात्री त्यावर पाणी ओतावे लागते. ते सकाळपर्यंत गोठते आणि उन्हे चढली की पृष्ठभाग पुन्हा मऊ पडतो.

आंतरराष्ट्रीय सामना मात्र सुमारे ६० मीटर लांबीच्या बंदिस्त मैदानावर, यंत्राने गुळगुळीत केलेल्या बर्फावर होतो. २०-२० मिनिटांची तीन सत्रे असतात. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात आणि दर मिनिटभराने खेळाडू बदलत राहतात. रबराची चकती म्हणजेच ‘पक’ कडेच्या फळ्यांवर आपटून कोणत्या कोनातून परत येईल, याचा अंदाज हा खेळाचा गाभा आहे. तळ्यावर अशा फळ्या नसतील, तर तो अंदाज शिकायचा कुठे? जूनमध्ये होणाऱ्या स्पर्धेपूर्वी लडाखमधील बर्फ वितळून तीन-चार महिने उलटलेले असतात. अल ऐनमध्ये बाहेर तापमान चाळिशीपार असतानाही बंदिस्त मैदानात बारमाही बर्फ असतो. वाळवंटातील मुलींना जे वर्षभर मिळते, ते हिमालयातील मुलींना दोनच महिने मिळते, असा हा विरोधाभास आहे.

देशात कृत्रिम बर्फाची मैदाने नाहीत का?

आहेत, पण मोजकी. गुरुग्राममधील एका मॉलमध्ये स्केटिंगसाठी बर्फाचे मैदान आहे, परंतु ते पूर्ण आकाराचे नाही. डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी पूर्ण आकाराचे बंदिस्त मैदान उभारण्यात आले. स्पर्धा संपल्यावर मात्र ते अनेक वर्षे बंद राहिले. मैदान उभारण्यापेक्षाही बर्फ टिकवण्यासाठी लागणारी वीज आणि देखभाल हा मोठा खर्च ठरतो. नियमित वापर नसेल, तर तो परवडत नाही. हे मैदान २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये तेथे आशियाई स्तरावरील शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग स्पर्धाही झाली. म्हणजेच कांस्यपदक जिंकणारा संघ ज्या वर्षांत घडला, त्यातील बहुतांश काळ देशातील हे मैदान कुलूपबंद होते.

पदकामुळे काय बदलू शकते?

पहिला बदल मागणीचा आहे. ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा बर्फावरील खेळांचा टप्पा लेहमध्ये होऊ लागल्यापासून आइस हॉकीला राष्ट्रीय व्यासपीठ मिळाले आहे. लष्कर आणि निमलष्करी दलांचे संघही त्यात उतरतात. पदकामुळे खेळाडूंना शिष्यवृत्ती, नोकरी आणि प्रायोजक मागताना हाती ठोस आधार आला आहे. दहा वर्षांपूर्वी परदेशी जाण्यासाठी वर्गणी मागणाऱ्या संघासाठी हा फरक लहान नाही.

दुसरा मुद्दा पुढच्या पायरीचा. आशिया चषकात वरचे स्थान टिकवायचे आणि कधी तरी जागतिक अजिंक्यपदाच्या तळाच्या विभागात खेळायचे, तर दोन महिन्यांच्या हंगामावर भागणार नाही. त्यासाठी वर्षभर सरावाची सोय, वयोगटानुसार स्पर्धा आणि प्रशिक्षित पंच-प्रशिक्षक लागतील. डेहराडूनचे मैदान सुरू राहिले आणि लडाखच्या मुलींना तेथे उन्हाळ्यात राहून सराव करता आला, तर त्याची सुरुवात होऊ शकते. अन्यथा पुढच्या स्पर्धेपूर्वीही भारतीय संघाला डिसेंबरमध्ये तळे कधी गोठते, याचीच वाट पाहावी लागेल.