तिसरी तार

पेडल स्टील गिटार वाजवणाऱ्याचं आसन ही मुळात एक पेटी असते. झाकण उचललं की आत अंगठ्यात आणि बोटांत घालायच्या नख्या, फडकं, पाना, तेलाची बारकी बाटली आणि तारांची पाकिटं. वाद्याला तारा दहा, पण जास्तीची म्हणून बाळगलेली पाकिटं बहुतेक एकाच जाडीची: ०.०११ इंच, म्हणजे ०.२८ मिलिमीटर. ही तार पूर्ण संचाशिवाय सुटीही मिळते, कारण गिऱ्हाईक तीच मागतं. संचातल्या बाकीच्या नऊ धडधाकट असताना ही एकटी जाते. वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात तिला नाव नाही, नुसती ‘तिसरी’.

आपल्याकडे या वाद्याचा पूर्वज चांगलाच परिचयाचा आहे. सुनील गांगुलींच्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्डी ज्यांनी ऐकल्या आहेत, किंवा मुंबईच्या व्हॅन शिप्लींची गिटार ज्यांच्या कानात आहे, त्यांना हवाईयन गिटार वेगळी सांगायला नको. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी बार, आणि तारेवरून तो सरकला की निघणारी लांब मींड. या वादनाचं श्रेय हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू या मुलाला देतात. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. पण बार हा सरळसोट असतो. तो सगळ्या तारांवर एकाच रेषेत टेकतो, त्यामुळे जुळवणीत जे स्वर नाहीत ते एकत्र मिळवताना वादकाची पंचाईत होते. अमेरिकेतल्या कारागिरांनी यावर पायाने तारा चढवायची युक्ती काढली. कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्सबीने १९४८ साली स्टीलवादक स्पीडी वेस्टसाठी पेडलवालं वाद्य बनवलं. सुरुवातीला पेडल दाबायचं ते फक्त जुळवणी बदलायला, दोन स्वरांच्या मधल्या शांततेत. पुढे वादक बड आयझॅक्सने गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबलं. १९५४ साली ते गाणं अमेरिकेत गाजलं आणि कंट्री संगीतातल्या स्टीलवादकांना आपापली वाद्यं घेऊन मिस्त्रीकडे जावं लागलं. बारने मींड घेताना सगळ्या तारा एकत्र हलत. इथे एक तार जागेवर उभी राहून दुसरी तिच्याजवळून वर चढत होती. नंतर बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन या स्टीलवादकांनी नॅशव्हिलमध्ये ‘शो-बड’ ही कंपनी काढली. आज दिसणाऱ्या वाद्याची घडण बरीचशी त्या पिढीची आहे.

चार पायांवर उभं असलेलं हे टेबलासारखं वाद्य वादकाला हातपाय स्वस्थ ठेवू देत नाही. डावा हात बारवर, उजवा तारांवर, डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघे खाली लोंबणाऱ्या दांड्यांना ढकलत असतात. नॅशव्हिलच्या प्रचलित ‘ई नाइन्थ’ जुळवणीत तिसरी तार मधल्या सप्तकातल्या काळी चारवर असते. दुसरं पेडल दाबलं की ती अर्ध्या स्वराने चढून पांढरी सहावर जाते. पेडल सोडलं की परत खाली. एका गाण्यात हे कितीतरी वेळा होतं. या पेडलाशिवाय कंट्री संगीताचं स्टील वाजत नाही, त्यामुळे तिसऱ्या तारेला सुट्टीही नाही.

आता थोडं गणित. त्यावाचून या तारेचं दुखणं कळणार नाही. वाद्याच्या वाजत्या तारेची लांबी साधारण २४ इंच. तेवढ्या लांबीत ०.०११ इंची पोलादी तार काळी चारला आणायची तर तिच्यावर सुमारे साडेबारा किलोचा ताण द्यावा लागतो. पांढरी सहाला तो १४ किलोंवर जातो. एवढ्या बारीक तारेच्या मानाने हे प्रचंड आहे. दर चौरस मिलिमीटरचा हिशेब केला तर पेडल न दाबता २०५ किलो आणि दाबल्यावर २३०. या जाडीची वाद्याची उत्तम पोलादी तार २५० ते २८०च्या दरम्यान तुटते. म्हणजे प्रत्येक वेळी पेडल दाबताना वादक तारेला तिच्या शेवटाच्या अगदी जवळ नेऊन परत आणतो. सतारीशी ताडून पाहा. बाजाची तार मध्यमावर लावून ओढत वरच्या षड्जापर्यंत नेली, तर तिच्यातला ताण सव्वादोन पट होतो. तरीही तिच्या दर चौरस मिलिमीटरवर तेव्हा येणारा बोजा, ढोबळ हिशेबाने, आपल्या तिसऱ्या तारेच्या निवांत अवस्थेतल्या बोजापेक्षा कमीच भरतो. पाचवी तार पेडलने पूर्ण स्वर चढते, पण ती मुळात खालच्या सुरात असल्यामुळे चढल्यावरही तिच्यातला बोजा तिसरीच्या चाळीस टक्क्यांपलीकडे जात नाही.

‘तुटते ना, मग जाड तार घाल’ हा सल्ला या वाद्याच्या वर्तुळात हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. जाड तारेला त्याच स्वरावर आणायला जास्त ताण लागतो, पण तो पेलणारं पोलादही त्याच प्रमाणात वाढतं. दर चौरस मिलिमीटरचा बोजा आहे तिथेच राहतो. उलट बारीक ओढलेलं पोलाद किंचित जास्त चिवट असतं आणि वाकायलाही सोपं जातं. काही वादक ०.०१२ची तार आवडीने वापरतात; ती भरदार आवाजासाठी वापरावी, टिकण्यासाठी नाही. लांबीचं मात्र वेगळं आहे. वाजती लांबी २४वरून २५ इंच केली तर त्याच स्वराला बोजा साडेआठ टक्क्यांनी वाढतो, आणि जिथे आधीच दहा-पंधरा टक्क्यांचीच सवड आहे तिथे एवढी वाढ चैन ठरते.

पण नुसता ताणच दोषी असता तर नवी तार चढवताचढवताच तुटली असती. ती तुटते काही दिवस वाजल्यावर, आणि बहुतेकदा एकाच ठिकाणी: उजव्या टोकाला, चेंजरवर. इथे प्रत्येक तारेसाठी ॲल्युमिनियमचं एक स्वतंत्र बोट असतं. तार त्याच्या गोल डोक्यावरून वळून खालच्या खिळ्याला अडकते, म्हणजे हे बोट हीच त्या तारेची घोडी. पेडल दाबलं की वाद्याच्या पोटाखालची आडवी दांडी फिरते, ती एक सळई ओढते आणि सळई बोटाला मागे फिरवते. तिसऱ्या तारेला अर्धा स्वर चढायला एक मिलिमीटरही सरकावं लागत नाही. पण तेवढ्या सरकण्यात, बोटाच्या माथ्याशी जो तारेचा भाग क्षणापूर्वी सरळ होता तो वाकतो, आणि पेडल सोडल्यावर पुन्हा सरळ होतो. बांधकामावरची तार पक्कड नसताना हाताने मागेपुढे वाकवून तोडतात, तेच काम इथे वादक पायाने, सुरात आणि रोजच्या रोज करत असतो. धातूच्या या थकव्यावर उपाय नाही. पण तो किती लवकर येतो, हे मात्र वाद्याच्या निगराणीवर अवलंबून असतं. तार पुन्हापुन्हा आणि फार लवकर तुटू लागली, तर कारण शोधायला इथूनच सुरुवात होते.

जाणता दुरुस्तीवाला पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठे तुटली?’ बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण तुकडे कचऱ्यात गेलेले असतात.

तुटलेलं टोक बोटाच्या माथ्यावर येत असेल तर माथा भिंगाखाली पाहायचा. पोलाद ॲल्युमिनियमला कोरत जातं आणि तिथे एक बारीक चर पडतो. नख फिरवलं तर अडकतं. त्या चराच्या कडेवर तार वाकते, म्हणजे गोल माथ्यावर वाकण्याऐवजी ती एका धारेवर वाकते, आणि तिचं आयुष्य घटतं. मिरजेच्या सतार कारागिरांना हे निराळं सांगायला नको. जव्हारीत तारेने घर केलं की तेही घोडी घासायला घेतात. इथे हजार-दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तारेच्याच दिशेने, गोलाई न मोडता फिरवतात आणि शेवटी ब्रासोसारख्या पॉलिशने चकाकी आणतात. आडवं घासलं तर नवे चर पडतात. कानस लावायचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण एक बोट बुटकं झालं की बार दहाही तारांवर सारखा टेकत नाही, आणि मग तुटणाऱ्या तारेपेक्षा मोठं संकट उभं राहतं. बोट ज्या आसावर फिरतं, त्याला हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. धूळ धरून बसणारं जाड तेल नको.

टोक माथ्याच्या मागे, तारेच्या शेंड्याच्या कड्याजवळ तुटलं असेल तर संशय पिळावर घ्यावा. कड्याभोवती तार गुंडाळून जो पीळ दिलेला असतो, तो काही तारांत लांब असतो. हा पीळ वर येऊन माथ्यावर टेकला की त्याची शेवटची गाठ सगळा भार घेते. इथे मात्र दुसऱ्या बनावटीची, आखूड पिळाची तार घेणं हाच इलाज. ब्रँड बदलून खरोखर फरक पडतो तो मुख्यतः याच एका प्रसंगी. एरवी लोक आधी ब्रँड बदलतात आणि चर तसाच राहतो.

डाव्या टोकाला, नटाजवळ, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडच्या टेकूजवळ तुटली तर त्यावरचा रोलर पाहायचा. तार चढताना रोलरवरून सरकते, म्हणून तो फिरला पाहिजे. घामाने, मळाने तो जाम झाला की प्रत्येक पेडलगणिक तार त्यावर घासते. शिवाय पेडल सोडल्यावर सूर नीट परत येत नाही, ही खूण तुटण्याच्या आधीच मिळते. रोलर काढून धुवायचा, खाचेत तार नीट बसते ना ते पाहायचं, संपलं. खुंटीशी तुटली तर भोकाची कड खरखरीत असते किंवा तार तिथे मुरगळलेली असते. मध्येच, वाजत्या भागात तुटणं विरळ. तसं झालं तर तार गंजली होती किंवा लावताना तिला मुरड पडली होती असं समजावं.

एवढं सगळं ठाकठीक केलं तरी तिसरी तार तुटणारच. फरक इतकाच की ती कधी जाणार याचा अंदाज बांधता येतो. म्हणून नियमित कार्यक्रम करणारे वादक ती तुटायची वाट न पाहता ठरावीक मुदतीने बदलतात, आणि तेही कार्यक्रमाच्या ऐन वेळी नाही, आदल्या दिवशी; नवी तार सुरात स्थिरावायला वेळ घेते. मैफलीत ती गेलीच तर सहावी तार कामाला येते. ती त्याच स्वराची, सप्तकभर खाली, आणि त्याच पेडलावर चढणारी. गाणं पार पडतं, वरचा चमकदार आवाज तेवढा हरवतो.

पेडल स्टील आपल्याकडे क्वचितच दिसतं, पण हवाईयन गिटारी अनेक घरांत आहेत, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वाद्यावर नवी तार चढवली की ती दोन दिवसांत तुटते ही तक्रारही नेहमीची. तिथे पेडल नाही. पण घोडीवरचा चर, कड्याजवळचा पीळ आणि खुंटीचं खरखरीत भोक ही तीन ठिकाणं तीच आहेत. वाद्य दुरुस्तीला नेताना तुटलेल्या तारेचे दोन्ही तुकडे कागदात गुंडाळून सोबत न्या, आणि नवा संच त्यानंतरच विकत घ्या.