करडांच्या डोळ्यातून पाणी येतंय? आधी पापणी बघा

शेळीपालक सभासदांनो, करडू उजेडात डोळा मिटत असेल, गालावरचे केस ओले असतील, तर आजच वेगळं बांधा. माश्या हा आजार कळपभर नेतात. बुबुळावर फूल पडायची वाट पाहू नका.

लहान करडात खालची पापणी आत वळून केस टोचतात. तिथे नुसतं मलम पुरत नाही, डॉक्टरांकडून पापणी सरळ करून घ्या.

डोळा उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा, दर डोळ्याला नवा कापूस. मलम डॉक्टर सांगतील तेच आणि तितके दिवस. घरात उरलेले माणसांचे ड्रॉप नकोत. त्यात स्टिरॉईड असलं तर बुबुळावरची जखम चिघळते, डोळा जाऊ शकतो. मीठ-तंबाखू फुंकणं तर बंदच करा. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962, कॉल मोफत.